इंदूरमध्ये बाहेर खाताना पोट कसे सांभाळावे? सराफा, छप्पन आणि रोजचे पोहे

रामबागकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर इंदूरमधल्या मराठी घरांत पाहुण्यांचा राबता सुरू होतो, आणि पुण्या-मुंबईकडून आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्याच संध्याकाळी सराफ्याचे, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीचे, नाव काढतो. त्यांना घेऊन जाण्यात आनंदच असतो. मात्र त्यांतल्या एखाद्याचे पोट बिघडले, की सारा दोष सराफ्याच्या माथी मारला जातो आणि पुढच्या खेपेस घरातली ज्येष्ठ मंडळी "बाहेरचे काही नको" असा सरसकट निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल मला पटत नाही. "इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर आहे, तेव्हा निर्धास्तपणे काहीही खा" हेही तितकेच पटत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपल्या शहराने सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळवला, छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची रांग आणि सराफा या दोन्ही ठिकाणांना एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने 'क्लीन स्ट्रीट फूड हब' हा दर्जा दिला, याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु झाडून लख्ख केलेला रस्ता कचऱ्याच्या व्यवस्थेबद्दल सांगतो. हिरव्या चटणीत कोणते पाणी पडले, हे तो सांगू शकत नाही.

माझे मत असे झाले आहे की दुकानाचे नाव, गर्दी आणि झगमगाट यांच्यापेक्षा एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे: पदार्थ विस्तवावरून उतरल्यापासून आपल्या हातात येईपर्यंत त्याला काय काय लागते?

सकाळच्या पोह्यांचेच पाहा. आपल्याकडे ठेल्यावर पोह्यांची कढई उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवलेली असते, वाफ सतत खालून येत राहते आणि त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्यापर्यंत पोहे हाताला चटका बसेल इतके गरम राहतात. इथवर काळजीचे कारण नाही. मग त्यावर सेव पडते आणि जीरावन हा मसाला पडतो. दोन्ही कोरडे, त्यामुळे त्यांचीही फारशी धास्ती नको. त्यानंतर येतो तो पहाटे चिरून उघड्या पातेल्यात ठेवलेला कांदा आणि कोणत्या पाण्यात धुतली हे ठाऊक नसलेली कोथिंबीर. शेवटी हे सगळे कधी कधी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वाढले जाते. अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी घातलेली आहे, कारण छपाईची शाई गरम आणि तेलकट पदार्थात उतरते. म्हणजे एकाच प्लेटमध्ये पोहे सुरक्षित आहेत आणि त्यांच्यावरची सजावट शंकास्पद आहे. मी "कांदा-धनिया मत डालना, सेव ज़्यादा" असे सांगतो. आजवर कोणत्याही पोहेवाल्याने याचे वाईट वाटून घेतलेले नाही.

सराफ्यातही हाच नियम लावता येतो. थंडीतला गराडू, म्हणजे एक कंद, एकदा तळून ठेवलेला असतो, पण आपण मागितल्यावर त्याचे तुकडे पुन्हा कडकडीत तेलात जातात आणि वर जीरावन व लिंबू पडून थेट दोन्यात, म्हणजे पानांच्या द्रोणात, येतात. भुट्ट्याचा कीस मोठ्या कढईत मंद आचेवर रटरटत असतो. साबुदाण्याची खिचडी वाफेवरच्या हंड्यातून निघते. मात्र ती कालवण्याचे भांडे आणि कालवणारा हात यांकडे लक्ष ठेवावे लागते. मालपुआ आणि जलेबा (मोठी जिलेबी) तर समोर तळले जातात. याउलट शिकंजी (इथले दुधाचे थंड पेय), पताशांचे म्हणजे पाणीपुरीचे पाणी, दहीवड्यावरच्या चटण्या, बर्फाचा गोळा या साऱ्यांचा विस्तवाशी शेवटचा संबंध कधी आला होता, हे आपल्याला दिसत नाही. ते खाऊच नयेत असे मी म्हणत नाही. तेथे प्रश्न विचारावेत आणि उत्तर समाधानकारक वाटले तर खावे, इतकेच म्हणतो.

जाणकारांनी यात भर घालावी, चुकत असेल तर दुरुस्त करावे. विशेषतः ज्येष्ठ पाहुणे आणि लहान मुले यांच्या बाबतीत तुम्ही काय करता, हे वाचायला आवडेल.

सूक्ष्मदर्शी

रामबागकर, आपला निकष शास्त्राला धरून आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडी कारणमीमांसा देतो.

अन्नात वाढणारे बहुतेक रोगजंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जोमाने वाढतात. अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे चार तासांत चार हजारांहून अधिक जंतू होतात. म्हणून पदार्थ वाफाळता असावा किंवा खरोखर थंडगार असावा. कोमट पदार्थ हा सर्वांत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेनेही शिजवताना अन्नाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश तापमान पोहोचावे आणि शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे, असे सांगितले आहे.

परंतु "पुन्हा गरम केले की सगळे मरते" हा समज धोकादायक आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. तो हाताच्या जखमेतून किंवा शिंकेतून मावा, पेढा, मलई, उकडलेला बटाटा अशा पदार्थांत गेला आणि पदार्थ काही तास कोमट राहिला, की तो विष तयार करतो. नंतर उकळल्याने जंतू मरतो, विष मात्र टिकून राहते. असे अन्न खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून साधारण सहा-आठ तासांच्या आत जोरदार उलट्या सुरू होतात. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. माव्याची मिठाई घेताना ती पाटी जरूर वाचावी.

दह्याबद्दल मात्र थोडी उदार भूमिका घ्यायला हरकत नाही. दह्याच्या आंबटपणामुळे अनेक रोगजंतूंना त्यात वाढता येत नाही. दहीवड्यात शंका घ्यायची तर ती वडे भिजवलेल्या पाण्याची आणि वरच्या हिरव्या चटणीची घ्यावी. चिंच-गुळाची सोंठ, म्हणजे गोड चटणी, बहुधा उकळून केलेली असते, शिवाय तिच्यात आंबटपणा आणि साखर दोन्ही भरपूर असतात, म्हणून ती तुलनेने बरी. हिरवी चटणी म्हणजे कच्ची कोथिंबीर, कच्चा पुदिना आणि न उकळलेले पाणी, आणि तीही वाटून तासन्‌तास बाहेर ठेवलेली. पाहुण्यांना एकच गोष्ट टाळायला सांगायची झाली तर मी तीच सांगेन.

बर्फाबद्दलही लिहितो. पाणी गोठवल्याने जंतूंची संख्या काहीशी कमी होते, पण बरेचसे जंतू आणि विषाणू तग धरतात आणि बर्फ वितळताच पूर्वीसारखेच घातक ठरतात. शेजारच्या महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचे बंधन घातले गेले, ते याच कारणाने: मासे आणि माल थंड ठेवण्यासाठी केलेली लादी सरबताच्या ग्लासात जाऊ नये.

दोषारोप करण्यापूर्वी कालावधी पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. साल्मोनेला या जंतूचा त्रास साधारणपणे ६ ते ७२ तासांत होतो, नोरोव्हायरसचा १२ ते ४८ तासांत. जिआर्डिया या परजीवीला आठवडा लागू शकतो. विषमज्वर (टायफॉइड) एक ते चार आठवड्यांनी आणि हिपॅटायटिस ए ची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी प्रकट होते. त्यामुळे पाहुण्याला दुसऱ्या दिवशी जुलाब झाले, तर कारण काल रात्रीचा गराडू असेल, प्रवासात घेतलेले सँडविच असेल किंवा निघण्याच्या आदल्या दिवशीचे घरचे जेवणही असेल. सर्वांत शेवटी खाल्लेल्या पदार्थाला आरोपी ठरवण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्यामुळे खरा आरोपी अनेकदा सुटून जातो.

मालव्याची_लेक

चर्चा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटला. माझा भाचा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी भंवरकुआं भागात खोली घेऊन राहतो. त्या परिसरात हजारो मुले मेसवर किंवा ठेल्यांवर जेवतात. सराफा त्यांच्यासाठी महिन्यातून एखाद्या वेळची चैन आहे, रोजचा प्रश्न मेसचा आहे. मध्यंतरी त्याने एका ठेल्यावर रात्री फ्राइड राइस खाल्ला आणि दोन-तीन तासांत उलट्यांनी हैराण झाला. भात त्याच्या समोर मोठ्या आचेवर परतला होता, चांगला गरम होता, असे तो शपथेवर सांगतो. रामबागकर काकांच्या नियमानुसार हा पदार्थ सुरक्षित ठरायला हवा होता. मग असे का व्हावे?

सूक्ष्मदर्शी

ताई, फार चांगला प्रश्न विचारलात, कारण नियम कुठे अपुरा पडतो ते यातून कळते. वर्णनावरून निश्चित निदान करता येणार नाही, परंतु हे चित्र बॅसिलस सेरियस या जंतूच्या विषबाधेशी जुळते. या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचे चिवट सुप्त रूप, कच्च्या तांदळातच असतात आणि भात शिजवण्याच्या उष्णतेतही तगतात. भात दुपारी शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला, की मधला गोळा अनेक तास कोमट राहतो. बीजाणू रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. रात्री तो भात कितीही मोठ्या आचेवर परतला तरी उपयोग होत नाही, आणि खाल्ल्यानंतर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

म्हणून रामबागकरांच्या प्रश्नाला मी एक पुरवणी जोडतो: विस्तवावर चढण्यापूर्वी पदार्थ कुठे आणि किती वेळ पडून होता? फ्राइड राइस, उकडलेल्या नूडल्स, बटाट्याचे तयार सारण, सकाळच्या भाजीचे रात्री केलेले रूप, या सर्वांना हा प्रश्न विचारावा लागतो. भाच्याला सांगा की मेसमध्ये वरण-भात जेवणाच्या वेळेच्या सुरुवातीलाच जाऊन खावा, रात्री ठेल्यावर खायचे झाल्यास भाताऐवजी समोर भाजलेली पोळी किंवा पराठा आणि उकळती डाळ घ्यावी.

छावणीचा_आचारी

माझा केटरिंगचा छोटा व्यवसाय आहे, घरी आई-वडिलांच्या काळापासून मराठी लग्न-मुंजींची कामे करतो. स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूने काही सांगतो.

ठेल्यावर पोहोचल्यावर आम्ही व्यवसायातले लोक पदार्थाकडे पाहण्याआधी बादलीकडे पाहतो. प्लेटा आणि चमचे एकाच बादलीत बुडवून काढले जात असतील आणि ते पाणी गढूळ झाले असेल, तर आतला पदार्थ कितीही उत्तम असो, तेथून पुढे जावे. पानांचे दोने किंवा एकदाच वापरायच्या प्लेटा असतील तर हा प्रश्न मिटतो. त्यानंतर हात. पैसे घेणारा माणूस वेगळा आणि वाढणारा वेगळा असेल, तर त्या मालकाला स्वच्छतेची जाण आहे असे समजावे. हातमोज्यांवर भुलू नये. त्याच मोज्यांनी नोटा मोजणारा आणि त्याच मोज्यांनी पुरी फोडून बटाटा भरणारा माणूस उघड्या, पण साबणाने धुतलेल्या हातांच्या माणसापेक्षा जास्त घाण पसरवतो.

पताशेवाल्याकडे पाणी कशातून काढतात ते पाहा. पूर्वी सर्रास हात मडक्यात कोपरापर्यंत जाई. आता अनेकांनी नळ असलेले डबे किंवा पळी वापरायला सुरुवात केली आहे. मूळ पाणी कुठले, हे विचारायला संकोच करू नका. "आरओ का है" हे उत्तर सगळेच देतात, म्हणून मी पुढे "जार दिखाओ" असे म्हणतो. सीलबंद जार आणि कुठूनही भरून आणलेला उघड्या झाकणाचा जार यांत फार अंतर आहे.

तेलाबाबत गैरसमज दूर करतो. काळे पडलेले, फेसाळणारे, धुरकट तेल प्रकृतीला वाईटच, आणि त्यातले पोलर घटक (तेल वारंवार तापवल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पण अशा तेलामुळे होणारी जळजळ, आंबट ढेकर आणि जडपणा वेगळा आणि जंतुसंसर्गाने होणारे जुलाब वेगळे. सराफ्यात कचोरी, गराडू, मालपुआ, रबडी असे एकामागून एक खाऊन रात्री एक वाजता झोपणाऱ्याला सकाळी जे होते, त्याला अनेकदा जंतू जबाबदार नसतात.

वेळेविषयी. सराफांची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्या ओट्यांसमोर रात्री नऊच्या सुमारास बाजार रंगू लागतो. नऊ ते अकरा ही वेळ चांगली, कारण माल ताजा असतो आणि सतत खपत असतो. मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरते तेव्हा तळाशी उरलेले आणि कोमट झालेले वाट्याला येण्याची शक्यता वाढते. आणि केवळ रस्त्यावरच्या खाण्यालाच नावे ठेवू नका. मी ज्या व्यवसायात आहे त्यातली खरी काळजी बुफेची असते: पनीरच्या भाजीखालचा दिवा विझलेला, चिरलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर दोन तास उघडी, आणि पाहुणे मात्र हॉल वातानुकूलित आहे म्हणून निर्धास्त. मोठ्या हॉटेलच्या नावाखालीही हे घडते. त्यापेक्षा समोर तळून देणारा ठेलेवाला मला अधिक विश्वासाचा वाटतो.

प्रत्येक दुकानावर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक लावलेला असावा लागतो. तो आहे म्हणून पदार्थ शुद्ध असे होत नाही, परंतु तो नसेल तर तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच कळत नाही, म्हणून तो पाहून ठेवावा.

दादरहून

मी इंदूरचा नाही, पण सासर इंदूरचे, त्यामुळे दरवर्षी येणे होते. इतकी छाननी करून खाण्यात मजा राहते का, असा प्रश्न पडला. आम्ही लहानपणापासून रस्त्यावरची पाणीपुरी, बर्फाचे गोळे, उसाचा रस सगळे खाल्ले आणि काहीही झाले नाही. शरीराला सवय लागते, प्रतिकारशक्ती तयार होते, असे माझे प्रामाणिक मत आहे. मुलांना फार जपले तर ती नाजूक होतात.

दवाखाना_पलासिया

मी सामान्य रुग्ण तपासणारा डॉक्टर आहे. दादरहून यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

एखाद्या गावात दीर्घकाळ राहणाऱ्यांना तेथील काही जंतूंविरुद्ध, विशेषतः प्रवाशांच्या जुलाबांना बहुतांशी कारण ठरणाऱ्या ई. कोलायच्या काही प्रकारांविरुद्ध, अंशतः प्रतिकारशक्ती येते. त्यामुळेच एकाच दोन्यातले खाऊन यजमान ठणठणीत राहतो आणि पाहुणा आजारी पडतो. परंतु ही सवय विषमज्वराला लागू होत नाही, जंतूंनी आधीच तयार केलेल्या विषाला तर मुळीच होत नाही. हिपॅटायटिस ए चे उदाहरण अधिक बोलके आहे. आपल्या पिढीतील बहुतेकांना तो बालपणीच होऊन गेला, अनेकदा लक्षणांशिवाय, आणि त्यातून आयुष्यभराचे संरक्षण मिळाले. आज शुद्ध पाण्याच्या घरांत वाढलेल्या शहरी मुलांना तो लहानपणी होत नाही, आणि मग विशीत पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा कावीळ अधिक तीव्र स्वरूपात येते. म्हणून मुलांना मुद्दाम घाण पाणी पाजून प्रतिकारशक्ती वाढवण्याचा विचार कोणी करू नये. त्यासाठी लस उपलब्ध आहे. विषमज्वराची कॉन्जुगेट लसही सहा महिन्यांच्या बाळापासून एका मात्रेत देता येते, आणि मेसवर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अनेक ज्येष्ठ मंडळी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतात. पोटातील आम्ल ही जंतूंविरुद्धची आपली पहिली तटबंदी आहे. ती गोळी आम्ल कमी करते, त्यामुळे आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. गोळी मनाने बंद करू नये, पण अशा व्यक्तीने न शिजवलेले आणि पाण्याचे पदार्थ टाळण्याबाबत इतरांपेक्षा कडक असावे.

आता पोट बिघडलेच तर काय करावे, याबद्दल. बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात आणि त्यांना अँटिबायोटिकची गरज नसते. जीव धोक्यात येतो तो शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य प्राण वाचवले. तेच पुढे ओआरएस म्हणून जगभर गेले. घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे पाहावे आणि पाकीट जितक्या पाण्यासाठी आहे तितक्याच पाण्यात, म्हणजे मोठे पाकीट एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवावे. एका ग्लासात निम्मे पाकीट टाकणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. त्याने द्रावण तीव्र होते आणि जुलाब वाढू शकतात. औषधाच्या दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे फार चांगले झाले. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट सुरू करावे. लहान मुलांना याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंक द्यावे.

जुलाब तात्काळ थांबवणाऱ्या गोळ्या ताप किंवा शौचात रक्त असताना घेऊ नयेत, आणि लहान मुलांना तर देऊच नयेत. रक्त पडणे, मोठा ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, पाणीही पोटात न टिकणे, ग्लानी, मुलाचे डोळे खोल जाणे, यांपैकी काही दिसले की घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठावे.

हात धुण्याबद्दल दोन वाक्ये. खिशातले सॅनिटायझर चांगले, पण नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा नाही. साबण आणि वाहते पाणी मिळत असेल तर तेच वापरावे. कागदी साबणाची डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवणे सोपे आहे.

दादरहून

डॉक्टरसाहेब, सविस्तर उत्तराबद्दल आभार. हिपॅटायटिसबद्दलची माहिती मला नव्हती. आमची मुलगी यंदा वसतिगृहात राहायला जाणार आहे, तेव्हा दोन्ही लसींबद्दल तिच्या डॉक्टरांशी बोलतो. खाण्यातली मजा कमी होऊ नये हा माझा आग्रह मात्र कायम आहे.

छावणीचा_आचारी

मजा कमी होण्याचे कारणच नाही. सराफ्यातले जे पदार्थ इंदूरची ओळख आहेत, त्यांतले बहुतेक गरमच आहेत. गराडू, कीस, खिचडी, खोपरा पॅटिस, जलेबा, मालपुआ एवढ्यानेच पोट भरते. आमच्या घरी पाहुणे आले की आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक दोना घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला घास-दोन घास येतात, चवी अनेक होतात आणि जडपणाही येत नाही. फक्त प्रत्येकाचा चमचा वेगळा ठेवतो.

मालव्याची_लेक

घरच्या पाण्याचाही उल्लेख व्हावा असे वाटते. नर्मदेचे पाणी जलूदहून उचलून, शुद्ध करून शहरात येते, पण अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते आणि मधल्या काळात हौदात किंवा गच्चीवरच्या टाकीत साठते. पुरवठा बंद असताना नळाच्या वाहिनीत दाब नसतो; जवळच्या गटाराला गळती असली तर घाण तेव्हाच आत ओढली जाते. आमच्या गल्लीत पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते सोडून देतो, वास किंवा रंग वेगळा वाटला तर शेजाऱ्यांना कळवून पालिकेकडे तक्रार नोंदवतो आणि पिण्याचे पाणी खळखळ उकळतो. पाहुणे सराफ्यात खातात आणि पाणी आमच्या माठातले पितात, तेव्हा जबाबदारी दोन्हीकडची आहे.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. मालव्याच्या लेकीने हौदाची आठवण करून दिली ते बरे झाले. पाहुणे येण्याआधी आमचा हौद उपसून घेणार आहे. एक शेवटची विचारणा डॉक्टरांना. पाहुण्यांत माझी पुतणी आहे आणि तिला सातवा महिना लागलेला असेल. तिला सराफा पाहायचाच आहे. न्यावे की नाही?

दवाखाना_पलासिया

तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रवासाला आणि फिरण्याला हरकत घेतली नसेल, तर न्यायला हरकत नाही. फक्त तिच्यासाठी नियम सर्वांत कडक हवेत. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू इतरांमध्ये बहुधा काही आठवड्यांत बरा होतो, परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो यकृत निकामी करू शकतो आणि जिवावर बेततो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. ती साथ याच विषाणूची होती, हे बऱ्याच वर्षांनी जतन केलेल्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. या विषाणूवरची लस आपल्याकडे सर्रास मिळत नाही, त्यामुळे पाणी सांभाळणे हाच उपाय आहे.

तेव्हा पताशे, शिकंजी, गोळा, उसाचा रस, हिरवी चटणी, कापलेली फळे आणि कच्चा कांदा तिला अजिबात देऊ नका. दुसऱ्यांदा तळलेला गराडू चटणीशिवाय, कढईतून थेट काढलेला भुट्ट्याचा कीस वरची कोथिंबीर न घालता आणि गरम जलेबी खुशाल द्या. नऊच्या सुमारास, गर्दी वाढण्यापूर्वी न्या, ओट्यावर बसायला जागा मिळेल. आणि पिण्याचे पाणी घरून उकळून, गार करून, तिच्या स्वतःच्या बाटलीत न्या. बाटली संपली तर तेथे भरून घेऊ नका, म्हणून दोन न्या.